जखमी खाली कसे आले, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कारगिल विजय दिनानिमित्त आपल्या अंकात आलेले लेख वाचले. कोणते शिखर कोणत्या पलटणीने घेतले, तोफखान्याने कशी साथ दिली, सगळे नीट आले आहे. पण साडेसोळा हजार फुटांच्या टायगर हिलवर जखमी झालेला जवान खाली कसा आला, याबद्दल एक ओळही नाही. मी आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होतो, त्यामुळे ही उणीव जरा जास्तच टोचली.

शांततेच्या काळात आमची ओळख म्हणजे एम. आय. रूममध्ये (पलटणीच्या तपासणी-दवाखान्यात) गोळ्या वाटणारा. पीटी चुकवण्यासाठी सिक रिपोर्ट करणारी (आजारी असल्याचे सांगणारी) पोरे आम्हालाच मस्का लावतात. लढाईत हाच माणूस पलटणीबरोबर वर चढतो. आधी रक्त थांबवायचे, कारण उपचाराने वाचू शकले असते असे जखमी दगावतात ते मुख्यतः रक्तस्रावाने. टूर्निके (रक्त थांबवायला हातापायावर आवळायची पट्टी) आवळली की वेळ लिहायची. वेदना शमवणारे मॉर्फिन दिले तर तेही लिहायचे, नाहीतर पुढच्या ठाण्यावर कुणी पुन्हा टोचले की श्वासच मंदावायचा. मग स्ट्रेचर. डोंगरात चार जण पुरत नाहीत, आणि दिवसा शत्रूची नजर, म्हणून उतरायचे ते अंधारात. रेजिमेंटल एड पोस्टवर (पलटणीच्या प्रथमोपचार ठाण्यावर) डॉक्टर भेटेपर्यंत सगळा भार या पोरावर. ओरडणाऱ्याच्या आधी गप्प पडलेल्याकडे जायचे, हे शिकवलेले असते. पण ओरडणारा रोज लंगरमध्ये (जवानांच्या जेवणघरात) शेजारी जेवणारा असला की ते जड जाते.

कोरियाच्या युद्धातली आपली ६० पॅराशूट फील्ड अ‍ॅम्ब्युलन्स (ही गाडी नव्हे, अख्खी वैद्यकीय तुकडी) आज किती जणांना आठवते? नोव्हेंबर १९५० मध्ये ती तिथे पोहोचली. प्योंगयांगहून माघार घेताना औषधे आणि सामान मागे टाकायला या लोकांनी नकार दिला. आगगाडीचे इंजिन मिळवले आणि आपल्याच जवानांकरवी गाडी हाकून सगळे दक्षिणेला आणले. मार्च १९५१ मध्ये मुनसानला अमेरिकी छत्रीधारी सैनिकांबरोबर यातल्या काहींनी उडीही घेतली. कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांना महावीर चक्र मिळाले. त्याच युद्धात उत्तर कोरियातल्या चोसिन जलाशयाजवळच्या थंडीत अमेरिकी वैद्यकीय जवान मॉर्फिन गोठू नये म्हणून त्याच्या नळ्या तोंडात धरून वावरत.

जिनिव्हा करारांनुसार वैद्यकीय जवानावर हल्ला करता येत नाही, आणि त्यानेही हत्यार वापरायचे ते फक्त स्वतःच्या आणि जखमींच्या बचावासाठी. तोफगोळ्याला मात्र दंडावरचा रेड क्रॉस दिसत नाही.

पुढच्या जुलैत एखाद्या निवृत्त नर्सिंग असिस्टंटला आपल्या बातमीदाराने जरूर बोलते करावे. किती शत्रू मारले, हे त्याला विचारू नये. किती तास चालला, स्ट्रेचरला कोण कोण होते आणि वाटेत पाणी कुणी दिले, हे विचारावे.

आपला,
एक निवृत्त नर्सिंग असिस्टंट