‘गणितात अडकू नका’ हा सल्ला घातक आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उच्च गणित आणि भौतिकशास्त्र शिकू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला मार्गदर्शनपर लेख वाचला. लेखकांची तळमळ खरी आहे, आणि मराठी वृत्तपत्राने या विषयाला अर्धे पान दिले याबद्दल आपले आभार मानले पाहिजेत. परंतु ‘गणिताच्या पायऱ्यांत अडकू नका, संकल्पना समजून घ्या आणि पुढे चला’ हे चौकटीत ठळक छापलेले वाक्य वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे. महाविद्यालयात ३१ वर्षे भौतिकशास्त्र शिकवले आहे. बारावीपर्यंत हुशार म्हणवली गेलेली मुले एम.एस्सी.ला येऊन कोलमडतात ती याच सल्ल्यामुळे, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आपल्या म्हणण्याला आधार म्हणून लेखकांनी आइन्स्टाइन यांचे नाव पुढे केले आहे. ते गणितात कच्चे होते, ही दंतकथा आता तरी छापू नये. वयाच्या पंधराव्या वर्षाआधीच त्यांनी कलनशास्त्र (कॅल्क्युलस) आत्मसात केले होते. गुरुत्वाकर्षण आणि त्वरण यांच्या समतुल्यतेची कल्पना त्यांना १९०७ मध्ये सुचली, म्हणजे लेखक ज्याला ‘संकल्पना समजणे’ म्हणतात ते त्याच वर्षी झाले होते. तरीही सामान्य सापेक्षतेची, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या त्यांच्या नव्या सिद्धांताची, समीकरणे हाती यायला नोव्हेंबर १९१५ उजाडावा लागला. मधल्या काळात, १९१२ मध्ये झुरिकला परतल्यावर, त्यांनी आपले वर्गमित्र मार्सेल ग्रॉसमन यांच्याकडून नवे गणित समजून घेतले आणि वहीत पानामागून पान आकडेमोड केली. त्या वहीत ते योग्य समीकरणांच्या अगदी जवळ पोहोचले होते, पण न्यूटनचा नियम त्यांतून निघत नाही अशा समजुतीने त्यांनी ती वाट सोडली आणि तीन वर्षांनी ते तिच्याकडे परत वळले. बुधाच्या कक्षेतील, न्यूटनच्या नियमाने न सुटलेला दर शतकाला ४३ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) फरक अखेर सुटला तो हाताने केलेल्या गणितातून. ज्या माणसाने आठ वर्षे अडकून राहण्याचे सोसले, त्याच्या नावाने मुलांना ‘अडकू नका’ असे सांगणे अन्यायाचे आहे.

रामानुजन यांच्याबद्दलही तसेच. त्यांच्या वह्यांत नुसती सूत्रे दिसतात, म्हणून त्यांना पायऱ्या लागतच नव्हत्या असे लेखात सुचवले आहे. कागद महाग होता, म्हणून ते पाटीवर गणित करत, कोपराने पुसत आणि उत्तर तेवढे वहीत उतरवत. पायऱ्या पाटीवर होत्या. त्या पुसल्या गेल्या, एवढेच.

हे पत्र लिहायला मला खरे भाग पाडले ते १९७९ सालच्या एका आठवणीने. मी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो. क्वांटम मेकॅनिक्सचे आमचे सर जुन्या वहीतून नोट्स सांगत आणि आम्ही त्या उतरवून घेत असू. हायड्रोजन अणूचे संपूर्ण डेरिव्हेशन मला तोंडपाठ होते. त्यात एका ठिकाणी ‘ही मालिका खंडित झाली पाहिजे’, म्हणजे एकामागून एक पदांची ती बेरीज कुठे तरी संपली पाहिजे, असे वाक्य येते, आणि त्यापुढे दोन ओळींत ऊर्जेचे सूत्र येते: उणे १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट भागिले पूर्णांकाचा वर्ग. लेखी परीक्षेत मला त्या प्रश्नाला पूर्ण गुण मिळाले. पुढे प्रात्यक्षिकाच्या तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी अत्यंत शांतपणे विचारले, “मालिका खंडित केली नाही, तर काय बिघडते?” मला एक शब्दही बोलता आला नाही. त्यांनी मला रागावून काही म्हटले नाही. थोडा वेळ थांबून त्यांनी पुढच्या मुलाला बोलावले. ते थांबणे मी आजही विसरलेलो नाही.

गावी परतल्यावर वडिलांच्या जुन्या खतावणीच्या कोऱ्या पानांवर मी ते गणित पहिल्या ओळीपासून मांडायला बसलो. पहिल्या तीन संध्याकाळी एका चिन्हाची चूक सापडेना. चौथ्या संध्याकाळी ती सापडली आणि लागोपाठच्या दोन सहगुणकांचे गुणोत्तर हाती आले. मालिकेत दूर गेल्यावर ते गुणोत्तर घातांकी फलनाच्या मालिकेसारखेच होत जाते, हे मी स्वतः लिहून पाहिले. म्हणजे मालिका तुटली नाही, तर केंद्रकापासून दूर जाताना तरंगफलन (इलेक्ट्रॉन कुठे सापडण्याची किती शक्यता आहे हे ज्यावरून कळते ते फलन) लहान होण्याऐवजी बेसुमार वाढते, आणि इलेक्ट्रॉन कुठे तरी सापडण्याची एकूण संभाव्यता १ राखणे अशक्य होते. म्हणून मालिका तुटावीच लागते, आणि ती कोणत्या पदाला तुटते यातूनच तो पूर्णांक येतो. अणूत ऊर्जेच्या ठरावीक पायऱ्याच का असतात, ही संकल्पना मला त्या संध्याकाळी समजली. ती गणिताच्या पलीकडे कुठे नव्हती, त्या गुणोत्तरातच होती. वर्षभर वर्गात बसून आणि पूर्ण गुण मिळवूनही मला ती कळलेली नव्हती, याचे दुःख मला आजही आहे, कारण ‘हे घरी करून आणा’ असे त्या वर्षभरात आम्हाला कोणीही सांगितले नाही.

पुढे शिकवताना मी विद्यार्थ्यांना सांगत असे, की पुस्तकातले उदाहरण वाचून झाले की पुस्तक मिटा आणि ते कोऱ्या कागदावर करा. जिथे हात थांबेल तिथेच तुमचा अभ्यास सुरू होतो. उत्तर आले की आधी मिती तपासा, म्हणजे दोन्ही बाजूंची एकके जुळतात का ते पाहा, मग टोकाची स्थिती घालून पाहा. सापेक्षतेतील गतिज ऊर्जेच्या सूत्रात वेग प्रकाशवेगाच्या मानाने लहान धरला, की शाळेतले अर्धा एम व्ही वर्ग हाती यायलाच हवे. आले नाही, तर मागे वळा. गणिताच्या विद्यार्थ्याने प्रमेयातली एक अट काढून टाकावी आणि काय मोडते ते पाहावे. सतत फलनांच्या (ज्यांचा आलेख कुठे तुटत नाही अशा) अभिसारी मालिकेची, म्हणजे ठरावीक किमतीकडे जाणाऱ्या मालिकेची, बेरीज सततच असते, असे फ्रेंच गणिती कोशी यांनी १८२१ मध्ये लिहिले होते. नॉर्वेचे गणिती आबेल यांनी १८२६ मध्ये त्याला अपवाद दाखवला. तोच धोका समजून घ्यायला शून्य ते एक या अंतरात एक्सचे वाढते घात काढून आलेख रेखाटणे पुरेसे आहे (प्रत्येक आलेख अखंड असतो, पण ते ज्या आकाराकडे जातात तो एकपाशी तुटतो), आणि ते अकरावीच्या मुलालाही जमते. उच्च बीजगणितात जगभर नाव मिळवलेले श्रीराम अभ्यंकर शाळेतल्या बीजगणिताचा आणि हाताने करायच्या आकडेमोडीचा आयुष्यभर आग्रह धरत राहिले. कृष्णविवरांवरचे व्हिडिओ मुलांनी जरूर पाहावेत, पण रैखिक बीजगणित आणि अवकल समीकरणे हाताखालून गेल्याशिवाय त्यांतून ओढीपलीकडे काही मिळत नाही.

आणखी एक गोष्ट, जिचा राग मला लेखाइतकाच आला. त्याच पानावर वस्तुमान आणि ऊर्जेचे प्रसिद्ध समीकरण छापताना वर्गाचा २ वर न चढवता ओळीतच ठेवला आहे, त्यामुळे तो गुणाकारासारखा वाचला जातो. लेखाच्या मथळ्यातील अक्षर चुकले असते, तर दुसऱ्या दिवशी शुद्धिपत्र आले असते. समीकरण चुकले तर ते का येऊ नये? नववीतली एखादी मुलगी हे पान कापून वहीत चिकटवेल आणि तो २ तसाच पाठ करेल.

लेखाचा दुसरा भाग येत्या रविवारी येणार असल्याचे आपण कळवले आहे. त्यात प्रेरणादायी वचनांऐवजी एक तरी उदाहरण सर्व पायऱ्यांसह छापावे, शेवटच्या दोन पायऱ्या कोऱ्या सोडाव्यात आणि त्या विद्यार्थ्यांकडून मागवाव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्यासाठी जागा कमी पडत असेल, तर हे पत्र छापले नाही तरी चालेल.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, सातारा