ओटावाहून पत्र

ओटावा, १० मार्च २०१९

ति. बाबा आणि सौ. आई यांस,
शि. सा. नमस्कार.

आई, सगळ्यात आधी हे वाच: माझी नोकरी शाबूत आहे. मागच्या रविवारी फोनवर मी "इथे सगळ्यांना विकून टाकलं" म्हणालो आणि तेवढ्यात आवाज तुटला. तेव्हापासून तू घोर लावून घेतलायस असं चिऊने कळवलं. ते आमच्या कंपनीबद्दल नव्हतं गं, इथल्या हॉकीच्या संघाबद्दल होतं. पगार वेळेवर होतोय, तब्येत ठणठणीत आहे, टोपी न घालता मी बाहेर पाऊल टाकत नाही. आणि आजपासून इथली घड्याळं एक तास पुढे गेलीत, तेव्हा रविवारचा फोन तुम्हाला साडेसातऐवजी साडेसहाला येईल. वाट बघत बसू नका.

बाबा, तुम्हाला मात्र सगळं सविस्तर सांगतो. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि हॉकीचं दुखणं कळेल तर ते तुम्हालाच. खडकीत राहून धनराज पिल्लेचा खेळ ज्याने पाहिला, त्याला बर्फावरची हॉकीही परकी वाटणार नाही. वेग प्रचंड असतो, बाकी जीव तसाच गुंतत जातो.

इथल्या संघाचं नाव ओटावा सेनेटर्स. त्यांचं स्टेडियम शहरात नाही, पंचवीसेक किलोमीटर लांब आमच्या कनाटात आहे, म्हणजे माझ्या घराच्या अगदी जवळ. मी आलो त्या पहिल्याच मोसमात, २०१७ च्या मे महिन्यात, हा संघ उपांत्य फेरीच्या सातव्या सामन्यापर्यंत गेला. पिट्सबर्गविरुद्ध दुसऱ्या जादा वेळेत एक गोल बसला आणि हरला. अंतिम फेरी एका गोलाने हुकली. आज तोच संघ अमेरिका-कॅनडाच्या संपूर्ण लीगमध्ये तळाला आहे. दोन वर्षंसुद्धा झाली नाहीत.

आता ही विकाविकी काय असते ते सांगतो, कारण मला स्वतःलाच ती समजायला फार वेळ लागला. खेळाडू करार करतो एका संघाशी, पण संघ तो करार खेळाडूसकट दुसऱ्या संघाच्या हवाली करू शकतो. त्याला इथे ट्रेड म्हणतात. रोख पैसे घेऊन विकत नाहीत. बदल्यात दुसरे खेळाडू घेतात, किंवा पुढच्या एखाद्या वर्षी कोवळी पोरं निवडताना आपला नंबर लागावा म्हणून तो हक्क घेतात. काही मोठ्या खेळाडूंच्या करारात "माझ्या संमतीशिवाय नाही" असं कलम असतं, बाकीच्यांना कोणी विचारतही नाही. सकाळी सरावाला आलेला माणूस संध्याकाळच्या विमानात असतो. बायको, मुलं, मुलांची शाळा सगळं मागे राहतं, आणि दुसऱ्याच दिवशी तो नव्या संघाचा शर्ट घालून उतरतो, प्रसंगी जुन्या सोबत्यांविरुद्ध. तुम्ही म्हणाल, आयपीएलच्या लिलावासारखंच की. पण तो लिलाव मोसमाच्या आधी होतो. इथे हे ऐन मोसमात चालतं, आणि फेब्रुवारीअखेरीस किंवा मार्चच्या सुरुवातीला त्याची शेवटची मुदत असते. यंदा ती सोमवारी, २५ तारखेला दुपारी तीनपर्यंत होती. त्या दिवशी टीव्हीवर सकाळपासून एकही सामना नाही, नुसती माणसं बसून कोण कुठे गेला ते सांगत होती. आमच्या ऑफिसात तीन वाजेपर्यंत कोणाचं कामात लक्ष नव्हतं. कॅन्टीनमध्येही एवढी माणसं असून कोणी बोलत नव्हतं, सगळे मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेले.

मुदत संपेपर्यंतच्या चार दिवसांत आमचे तीन बिनीचे खेळाडू गेले. आधी मॅट डुशेन, मग रायन झिंगल, दोघेही कोलंबसला. मुदतीच्या दिवशी मार्क स्टोन वेगासला. स्टोन गेल्याचं कळलं तेव्हा ऑफिसातल्या एकाने खुर्चीच्या पाठीवर टाकलेला ६१ नंबरचा शर्ट उचलला, घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. बोलला काहीच नाही. डुशेनची गोष्ट तर ऐका. २०१७ च्या नोव्हेंबरात त्याला कोलोरॅडोकडून आणण्यासाठी यांनी काइल टरिस हा खेळाडू दिला आणि शिवाय पहिल्या फेरीतल्या निवडीचा हक्क दिला. तो हक्क यंदाचा. शेवटच्या नंबरावर राहणाऱ्या संघाला निदान सगळ्यात गुणी पोरगा मिळण्याची आशा असते, ती आशाही कोलोरॅडोला देऊन बसलेत. आणि ज्याच्यासाठी दिली तो सव्वा वर्षात गेला. सप्टेंबरात कप्तान एरिक कार्लसन गेलाच होता. लीगमधला सर्वोत्तम बचावपटू म्हणून दोनदा नॉरिस करंडक मिळवलेला माणूस, त्याला मोसम सुरू व्हायच्या तोंडावर सॅन होजेला धाडलं. याच महिन्याच्या एक तारखेला प्रशिक्षकालाही घरी पाठवलं.

हे सगळं पैशापायी. मालक यूजीन मेलनिक यांनी २००३ साली संघ दिवाळखोरीत निघाला तेव्हा तो विकत घेतला आणि वाचवला, हे लोक अजूनही कबूल करतात. पण संघाची मिळकत कॅनडाच्या डॉलरात आणि खेळाडूंचे पगार अमेरिकेच्या डॉलरात, त्यामुळे इथेच खोट बसते. शहर सरकारी नोकरांचं. टोरांटोसारख्या बड्या कंपन्या इथे नाहीत, त्यामुळे महागडी तिकिटं घाऊक घेणारं गिऱ्हाईक कमी. यंदा लीगने पगारावर ७.९५ कोटी डॉलरची कमाल मर्यादा घातलीय. २०२१ पासून पाच वर्षं आपण तिच्या जवळपास खर्च करू असं मालकांनी आत्ता जाहीर केलंय. लोकांचा त्यावर विश्वास नाही, आणि मी त्यांना दोष देणार नाही. शहराच्या मध्यभागी, लब्रेटन फ्लॅट्सवर, नवं स्टेडियम व्हायचं होतं, तेही भागीदारांच्या भांडणात कोर्टात गेलं आणि मोडलं.

माझ्या शेजारी एक निवृत्त आजोबा राहतात. १९९२ साली संघ नव्याने सुरू झाला तेव्हापासून मोसमभराचं तिकीट काढतात. त्यांच्या कपाटात शर्ट टांगलेले आहेत: ११ नंबर अल्फ्रेडसन, ६५ कार्लसन, ६१ स्टोन. तिघेही गेलेले. पुढच्या मोसमाच्या तिकिटाचा फॉर्म त्यांच्या फ्रीजवर चुंबकाने लावलाय, भरलेला नाही. तिकीट काढावं, तर मालकाला वाटणार की काहीही केलं तरी लोक येतातच. नाही काढावं, तर खुर्च्या रिकाम्या राहणार आणि संघ दुसऱ्या गावी हलवायला कारण मिळणार. मालक २०१७ च्या डिसेंबरात तसं बोलूनही गेलेत. गेल्या वर्षी लोकांनी वर्गणी काढून शहरभर "मेलनिक जा" असे फलक लावले ते त्यानंतरच. आणि ही भीती पोकळ नाही. ओटावाचा जुना संघ १९२७ साली स्टॅन्ली कप, म्हणजे इथल्या हॉकीचं अजिंक्यपद, जिंकला आणि १९३४ साली पैशाअभावी सेंट लुइसला गेला. पुढचा संघ यायला अठ्ठावन्न वर्षं लागली. बाबा, आपल्याकडे २०१२ साली पुणे स्ट्रायकर्स आला होता ना, एकच मोसम झाला आणि ती लीगच बंद पडली. तुम्ही किती चुटपुटला होतात! इथे तर पिढ्या गुंतल्यात.

मी आजोबांबरोबर मॅचला गेलो होतो. आई, तिकीट त्यांचं होतं, माझा एक डॉलर खर्च झाला नाही. घसा बसेपर्यंत ओरडणारी माणसं कमी होती, पण होती. आजोबा म्हणाले, स्टोनवर माझा राग नाही, चांगलं मिळत असेल तिथे पोराने जावं. मग मला विचारलं, तुझे आईवडील एकटेच असतात का? मी म्हटलं, नाही, बहीण आहे. चिऊचं लग्न मेमध्ये आहे हे मात्र माझ्या तोंडून निघालं नाही.

आता त्याच लग्नाबद्दल. तिकीट काढलंय, लग्नाच्या दोन दिवस आधी पोहोचतोय. केळवणं, बस्ता, पत्रिका वाटणं यातलं काही माझ्याने होणार नाही, ते सगळं तुमच्या दोघांच्याच अंगावर पडतंय. मेमध्येच आमच्या कामाची डिलिव्हरी आहे, रजा दहा-बारा दिवसांच्या वर मिळत नाही, मी दोनदा विचारून पाहिलं. चिऊला म्हणावं, हळदीला मी असेन, शब्द देतो. हॉलचा उरलेला हप्ता आणि सोनाराचे पैसे मी या आठवड्यात पाठवतोय. इथला डॉलर बावन्न रुपयांच्या आसपास आहे, तो वाढायची वाट बघत नाही. बाबा, तुम्ही एफडी मोडू नका. मोतीबिंदूचं ऑपरेशनही लग्नानंतर म्हणून पुढे ढकलू नका, त्याचे पैसे वेगळे पाठवतो.

आत्याने पाठवलेला फोटो पाहिला. मुलगी चांगली वाटते, नाही म्हणत नाही. पण तिला कनाटातल्या थंडीत आणायचं की मी तिकडे यायचं, याचं उत्तर माझ्यापाशी नसताना तिच्या घरच्यांना काय सांगू? मेमध्ये भेटल्यावर बोलू. तोवर आत्याला म्हणावं, रागावू नकोस.

आजीला नमस्कार.

तुमचा,
बाळू

ता. क. हॉलवाल्याकडून पावती चिऊच्या नावाने न घेता बाबांच्या नावाने घ्या, म्हणजे मला पैसे थेट त्यांच्या खात्यावरून वळते करायला सांगता येतील. आणि आई, कर्ज अजिबात काढू नका, कोणाकडूनही. आधी मला फोन करा, रात्र असली तरी.