बाबा, ते संशोधन नव्हे

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

बाबा, नातेवाइकांच्या ग्रुपवरचा तुमचा मेसेज वाचला. ‘आमच्या कन्येच्या संशोधनाला इंग्लंडमध्ये बक्षीस.’ खाली हार-तुऱ्यांची रांग, आणि मामानं तर पेटंट घेतलंस का म्हणून विचारलंय. फोनवर सांगायला गेले की तुम्ही ‘तेच गं ते’ म्हणून विषय मिटवता, म्हणून लिहूनच पाठवतेय. नवं औषध नाही, नवी शस्त्रक्रिया नाही. कंपवाताची (पार्किन्सन्सची) सगळ्यांना ठाऊक असलेली गोळी ठरल्या वेळी पेशंटच्या तोंडात पडावी, एवढ्यासाठी वॉर्डात केलेली ती खटपट होती. तिला ‘क्वालिटी इम्प्रूव्हमेंट प्रोजेक्ट’ असं भारदस्त नाव आहे, बोलताना नुसतं क्यूआयपी. आम्हा ज्युनियर डॉक्टरांना असं काहीतरी पोर्टफोलिओत दाखवावंच लागतं. (सप्टेंबर २०२४ पासून आम्हाला ज्युनियर नाही, रेसिडेंट म्हणायचं ठरलंय. काम तेच.)

आई, तुझी सगळी नोकरी सिस्टर म्हणून गेली, तुला औषधांचा राउंड समजावायला नको. सकाळी आठ, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री दहा. ट्रॉली एका टोकाकडून निघते आणि शेवटच्या कॉटपर्यंत पोचायला तास-सव्वा तास जातो. बीपीची गोळी तेवढी मागेपुढे झाली तर बहुतेकदा काही बिघडत नाही. कंपवाताचं तसं नसतं. त्यावरचं औषध लेव्होडोपा रक्तातून फार लवकर उतरतं, दीडेक तासात निम्मं. आजार जुना झाला की माणूस अक्षरशः डोसावर चालतो. गोळी लांबली की अंग आखडतं, जीभ जड होते, गिळता येत नाही; आणि गिळता येत नाही म्हणून पुढची गोळीही राहते.

आमच्या वॉर्डात एक आजी होत्या. घरी त्यांच्या गोळ्यांच्या वेळा सात, अकरा, तीन, सात. इथे भरती झाल्यावर कॉम्प्युटरनं आपोआप राउंडच्या वेळा टाकल्या आणि सकाळची गोळी सातची नऊवर गेली. तोवर नाश्त्याचा ट्रे येऊन गेलेला असायचा. चहावर साय धरलेली, टोस्ट जसाच्या तसा, आणि चार्टवर नोंद ‘नाश्ता नाकारला’. अहो, नाकारला कुठे? हात उचलत नव्हता! दहा वाजता त्याच आजी स्वतः टोस्ट मागायच्या, पण तेव्हा ट्रे परत गेलेले.

ही गोळी अर्ध्या तासाच्या आत मिळाली पाहिजे, हे इथे कुणाला माहीत नाही असं नाही. ‘पार्किन्सन्स यूके’ ही संस्था २००६ पासून त्यासाठी मोहीम चालवतेय. आजारांवरच्या उपचारांचे निकष ठरवणाऱ्या ‘नाइस’ या सरकारी संस्थेनं २०१८ साली अर्ध्या तासाची अट लेखी घातली. तरी आम्ही चार्ट काढून मोजलं तेव्हा जवळजवळ निम्मे डोस उशिरा.

मोजायची पद्धत बाबांना आवडेल, कारण ती दवाखान्यातली नाहीच, कारखान्यातली आहे. अमेरिकेत टेलिफोनची यंत्रं बनवणाऱ्यांकडे वॉल्टर शूहार्ट म्हणून होते. त्यांनी १९२४ मध्ये मालातला दोष आलेखावर कसा पकडायचा ते दाखवलं. पुढे डेमिंग यांनी १९५० मध्ये जपानी कारखानदारांना तेच शिकवलं. एक छोटा बदल ठरवायचा, थोड्या जागी करून बघायचा, मोजायचं, जमलं तर ठेवायचं, नाहीतर दुसरा. तुम्ही आगारात प्रत्येक गाडीचा डिझेलचा अॅव्हरेज रोज वहीत मांडायचात आणि तो घसरला की ड्रायव्हरला धरण्याआधी इंजिन बघायचात, ते हेच. डॉक्टर मंडळी त्यावर हल्ली पदविका घेतात.

आम्ही आधी सगळे करतात तेच केलं. रंगीत पोस्टर लावलं. आठवडाभर वेळेवर दिलेल्या डोसांचा आलेख वर चढला आणि पुन्हा खाली. मग दुपारी वीस मिनिटांचं लेक्चर ठेवलं. ज्यांनी ऐकलं त्यातल्या निम्म्या जणी पुढच्या आठवड्यात दुसऱ्या वॉर्डात. कागद लावून काम होत नाही हे फार मोठ्या प्रमाणावर सिद्ध झालेलं आहे. ऑपरेशनआधी वाचायची जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षा-तपासणीची यादी आठ शहरांत वापरून पाहिली होती, त्यात आपली दिल्लीही होती. २००९ साली निष्कर्ष आले, मृत्यूचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ वर आलेलं. मग कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात १०१ रुग्णालयांत तीच यादी सक्तीची केली, आणि २०१४च्या अहवालात मृत्यू म्हणावे असे कमी झालेच नव्हते. यादी तीच. माझा अंदाज असा की पहिल्या ठिकाणी माणसं ती वाचत होती आणि दुसरीकडे टिक मारत होती.

आमचं गाडं पुढे सरकलं ते रात्रपाळीच्या एका मल्याळी सिस्टरमुळे. तिनं एका वाक्यात रोग सांगितला: सातची गोळी हँडओव्हरच्या, म्हणजे पाळी बदलण्याच्या, तोंडावर येते. रात्रीची म्हणते दिवसाची देईल, दिवसाचीला वाटतं रात्रीच्या बाईनं दिली असेल. सिस्टरांची पाळी बदलताना डॉक्टर वॉर्डात नसतातच, मग आम्हाला ते दिसणार कुठून? तिच्या सांगण्यावरून सकाळची गोळी रात्रपाळीच्याच नावावर टाकली आणि इनचार्ज सिस्टरच्या खिशात गजराचं घड्याळ दिलं. दुसरा बदल फार्मासिस्टनं करून घेतला. आता कॉम्प्युटरवर लेव्होडोपा लिहिलं की तो राउंडच्या वेळा घेतच नाही, पेशंटच्या घरच्या वेळा टाकल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आलेख चढला तो तिथून, आणि टिकला.

बक्षिसासाठी मांडलेल्या पोस्टरवर सिस्टर आणि फार्मासिस्ट या दोघींची नावं टाकायला मला थोडं भांडावं लागलं. बक्षीस डॉक्टरांचं, म्हणून नाव डॉक्टरांचं, असा रिवाज आहे. आई, तू हसशील.

आता खरं सांगायचं तर या प्रोजेक्टांचा धंदाही झालाय. पुढच्या ट्रेनिंगच्या अर्जात त्याला गुण मिळतात, म्हणून प्रत्येकाला स्वतःचं नवंकोरं हवं असतं. दुसऱ्यानं अर्धवट सोडलेलं पुढे नेलं तर तेवढी वाहवा नाही. त्यात दर चार महिन्यांनी आमची बदली. ऑगस्टच्या पहिल्या बुधवारी तर सगळ्या देशात एकदमच उलथापालथ होते. आमच्या स्टाफरूममध्ये जुन्या प्रोजेक्टांची पोस्टरं एकावर एक चिकटलेली आहेत, त्यांचे डॉक्टर केव्हाच कुठल्या कुठे गेलेत. माझ्या मते प्रत्येकाला नवं करायला लावण्यापेक्षा जुनं एक टिकवलं तर जास्त गुण द्यावेत, पण मला कोण विचारतंय! आमची ती घड्याळं मी गेल्यावर वर्षभरात हरवतील, हे मी गृहीत धरलंय. कॉम्प्युटरमधली अट मात्र कुणी मुद्दाम काढल्याशिवाय जाणार नाही, त्यामुळे माझा भरवसा तिच्यावर.

आता महत्त्वाचं. आप्पाकाकांना सिंडोपा, म्हणजे हीच लेव्होडोपाची गोळी, चालू आहे ना? काकूला विचारून नेमक्या वेळा एका जाड कार्डावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या आणि ते फाइलच्या पहिल्या पानाला लावा. पडले-झडले, अगदी मोतिबिंदूसाठी जरी भरती व्हायची वेळ आली, तरी घरच्या गोळ्या बरोबर न्यायच्या आणि गेल्या गेल्या सिस्टरांना कार्ड दाखवायचं. स्वतःच्या मनानं एकही डोस बंद करायचा नाही. मळमळ झाली की आपल्याकडे सर्रास पेरिनॉर्मचं इंजेक्शन देतात; कंपवाताला ते चालत नाही, तर टोचण्याआधी आजार सांगायचा. आणि काकू त्यांना गोळी वाटीभर वरणाबरोबर देते, ते थांबवा. जेवणाआधी अर्धा तास दिली तर जास्त लागू पडते. आई, हे तूच सांग, बाबांनी सांगितलं तर काकू ऐकायची नाही.

तुमची,
मनू