संकल्पाच्या वहीत आधी स्वतःचं नाव

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नवं वर्ष आलं की बचत गटांच्या बैठकांत बायकांचे संकल्प ऐकू येतात. दहा किलो वजन उतरवणार, चिडचिड करणार नाही, सगळ्यांना वेळ देणार. रथसप्तमीपर्यंत बहुतेक मोडलेले असतात आणि बाई स्वतःलाच आळशी म्हणवून घेते. आमच्या मते दोष संकल्पातच असतो. आपण कमी पडतो हे आधीच धरून तो केलेला असतो आणि त्याला लागणारा वेळ, पैसा, जेवण कुठून यायचं याचा त्यात विचारच नसतो. घरात मुलांच्या फीचा, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्यांचा, नवऱ्याच्या डब्याचा हिशेब असतो. तिचा स्वतःचा मात्र कुठेच नसतो. तो मांडायला घेणं, एवढाच संकल्प या वर्षी पुरे आहे.

सुरुवात हिमोग्लोबिनच्या आकड्यापासून करावी. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे जिन्याच्या दुसऱ्या वळणावर धाप लागणं, दुपारी डोकं जड होणं, उगाच रडू येणं याला आपण स्वभाव समजतो, तो पुष्कळदा रक्ताचा प्रश्न असतो. गरोदर नसलेल्या स्त्रीचा आकडा १२च्या खाली असेल तर रक्त कमी आहे आणि ८च्या खाली असेल तर रक्तक्षय तीव्र आहे. तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. लोहाच्या गोळ्या मिळतातही, पण चौथ्या दिवशी त्या डब्यात पडून राहतात, कारण मळमळतं आणि शौचाला काळं होतं. काळं होणं अपेक्षितच आहे, घाबरू नये. मळमळत असेल तर गोळी रात्री जेवणानंतर घ्यावी. दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत ती घेऊ नये. चहा तिच्या आधी-नंतर तासभर टाळावा, कारण चहामुळे लोह अंगाला लागत नाही. लिंबू किंवा आवळा सोबत असेल तर ते जास्त लागतं. आकडा १२वर आला की गोळ्या बंद करण्याची घाई सगळ्यांत जास्त नडते. अंगातला साठा भरायला त्यानंतरही साधारण तीन महिने लागतात. आणि पाळीत सात दिवसांहून जास्त रक्त जात असेल, तासा-दोन तासाला पॅड भिजत असेल, तर नुसती गोळी म्हणजे गळक्या हंड्यात पाणी. तिथे डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

जेवणाचंही तसंच. सगळ्यांचं झाल्यावर पातेल्याच्या कडेला चिकटलेली भाजी पोळीने पुसून खायची आणि तळाशी उरलेलं वरण नसून पाणीच असायचं, ही आपल्या घराघरातली ओळखीची रीत. ५५ किलो वजनाच्या स्त्रीला दिवसाला साधारण ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात आणि वाटीभर घट्ट वरणातून सहा-सात ग्रॅम मिळतात. म्हणून वाढायला घेण्याआधीच आपली वाटी काढून झाकून ठेवावी. ‘उरलं तर खाईन’ म्हणण्यात काही उरत नाही.

व्यायामाचा संकल्प वेळेपाशी अडतो. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं पुरेसं आहे, म्हणजे पाच दिवस अर्धा तास. पण तो अर्धा तास झोपेतून काढला, तर अकराला झोपणारी बाई पाचला उठून किती दिवस चालेल? २०२४च्या वेळ वापर पाहणीनुसार घरच्या बिनपगारी कामाला ते करणाऱ्या स्त्रिया दिवसाला २८९ मिनिटं देतात, ते करणारे पुरुष ८८. वेळ याच फरकातून काढायचा. त्यासाठी एक काम दुसऱ्याच्या हाती पूर्ण द्यावं, त्याच्या आठवणीसकट. दूध आणणं दिलं तर ‘दूध संपलंय’ हे सांगणंही आपल्याकडे राहता कामा नये. इथेच बहुतेकींचं बिनसतं. कणीक सैल झाली, कपडे वेडेवाकडे वाळत घातले, म्हणून काम परत ओढून घेतलं की तो अर्धा तास गेलाच समजा.

वजनकाटा रोज पाहू नये. पाळीच्या आधी अंगात पाणी साठून एक-दोन किलो सहज चढतं आणि त्या आकड्यावरून बाई दिवसभर स्वतःवर रागावते. कपाटातले घट्ट ब्लाउजही तेच करतात. बाजूच्या शिलाईत बोटभर कापड दाबलेलं असतं, ते शिंप्याकडून उसवून घ्या आणि आजच्या अंगाने आज ते घाला.

आता कागदांचं. बँक खातं तुमच्या नावाचं, पण मोबाइल नंबर मुलाचा, म्हणजे ओटीपी त्याच्याकडे जातो. शाखेत अर्ज देऊन नंबर स्वतःचा करून घ्या. आणि माहेरी वडील गेल्यावर हक्कसोडपत्र समोर आलं, तर त्याच दिवशी सही करू नका. ‘बहीण आहेस ना?’ या प्रश्नाचं उत्तर सही नव्हे. आधी त्याची प्रत मागा, सातबारा आणि आठ-अ हे जमिनीचे उतारे काढून पाहा. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलीला जन्मापासून मुलाइतकाच हक्क दिला. दुरुस्तीच्या वेळी वडील हयात नसले तरी तो हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केलं. हक्क सोडायचा असेल तर जरूर सोडा, पण आपण काय सोडतोय ते पाहून. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र मागे घ्यायला कोर्टाची पायरी चढावी लागते आणि दबाव किंवा फसवणूक सिद्ध करणं अवघड असतं.

संक्रांतीची हळदीकुंकवं जवळ आली आहेत. यंदा वाणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यांऐवजी आशाताईंना किंवा नर्सताईंना बोलावून सगळ्यांचं हिमोग्लोबिन तपासून घ्यावं, ही आमची आग्रहाची विनंती. कुणाचाही आकडा मोठ्याने वाचू नये, चिठ्ठी जिची तिच्या हातात द्यावी. आणि विधवा मैत्रिणींनाही त्याच बोलावण्याने बोलवावं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव मे २०२२मध्येच केला आहे.

– बचत गटांसोबत काम करणाऱ्या काही कार्यकर्त्या, सातारा जिल्हा