शुगर तपासता, तशी स्मरणशक्तीही तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या आईला 22 वर्षांपासून मधुमेह आहे. एवढ्या वर्षांत तिचे डोळे तपासले गेले, तळपायाची संवेदना पाहिली गेली, लघवीतले प्रोटीन मोजले गेले. तिला काय आठवते आणि काय आठवत नाही, हे मात्र कुणीच कधी विचारले नाही. गेल्या श्रावणात एका पहाटे चार वाजता आई घामाने चिंब झालेली दिसली. जीभ जड झाली होती आणि मला ती मावशीच्या नावाने हाक मारत होती. ग्लुकोमीटरवर रक्तातल्या साखरेचा आकडा आला अवघा 42. गिळता येत होते म्हणून साखरेचे पाणी पाजले आणि तशीच दवाखान्यात नेली. तिथल्या तरुण डॉक्टरांनी मधुमेहाच्या गोळ्यांच्या पट्ट्या मागवून घेतल्या आणि मोजल्या. महिन्याच्या हिशेबात अकरा गोळ्या कमी भरल्या. गोळी घेतल्याचे विसरून आई ती पुन्हा घेत होती.

मग मागचे एकेक आठवू लागले. भिशीतल्या पंधरा जणींचा हिशेब तोंडपाठ असणाऱ्या आईने दीड वर्षापूर्वीच वही शेजारच्या काकूंकडे दिली होती. "डोळ्यांना दिसत नाही गं नीट," म्हणाली, आणि आम्ही ते मानले. पुरणात गूळ दोनदा पडला तेव्हा घरात सगळे हसलो. ‘म्हातारचळ’ हा शब्द आपल्याकडे इतका तयार असतो की त्यापुढे कुणी चौकशीच करत नाही.

मधुमेह आणि स्मृतिभ्रंश यांचे नाते काही कालपरवा कळलेले नाही. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरात पंचावन्नच्या पुढच्या सहा हजारांहून अधिक लोकांची वर्षानुवर्षे नोंद ठेवली गेली. मधुमेह असलेल्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका जवळजवळ दुप्पट, असे त्यातून 1999 मध्येच पुढे आले. त्याच्या मुळाशी जी कारणे सांगितली जातात त्यांत इन्सुलिन रेझिस्टन्स हे एक मोठे. शरीरात इन्सुलिन असते, पण पेशी त्याला दाद देत नाहीत, म्हणून स्वादुपिंड आणखी इन्सुलिन ओतत राहते. आठवणी साठवणाऱ्या मेंदूच्या भागालाही इन्सुलिनचा संदेश लागतो आणि तिथेही तो क्षीण होतो. मला सर्वांत लक्षात राहिली ती एक गोष्ट: इन्सुलिनचे विघटन करणारे एक एन्झाइम अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या आजारात मेंदूत साचणारे अमायलॉइड नावाचे प्रथिनही मोडते. रक्तात इन्सुलिन सतत चढे राहिले की ते एन्झाइम तिकडेच गुंतून पडते, अशी एक उपपत्ती आहे. शिवाय मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, ते वेगळेच.

आई आयुष्यभर काटकुळी. "तिला कसला मधुमेह?" असे नातेवाईक अजून म्हणतात. त्यांना मी पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचे उदाहरण सांगते. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि डॉ. जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याचा शेजारी शेजारी फोटो आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. दिसायला सडपातळ माणसाच्याही पोटात चरबी दडलेली असते, आणि इन्सुलिन रेझिस्टन्सला तेवढे पुरते.

या विषयावर हल्ली व्हॉट्सअॅपवर बरेच काही फिरते, अगदी खोबरेल तेलाच्या चमच्याने स्मरणशक्ती परत येते इथपर्यंत, आणि त्याची मला भीती वाटते. अल्झायमरला ‘टाइप थ्री डायबेटिस’ हे नाव अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठाच्या डॉ. सुझान डी ला मॉन्टे यांनी 2005 मध्ये पुढे आणले. ते अधिकृत निदान नव्हे. मधुमेह नसलेल्यांनाही अल्झायमर होतो आणि बहुतेक मधुमेहींची स्मरणशक्ती शाबूत राहते. अल्झायमरच्या रुग्णांना नाकातून इन्सुलिन देऊन पाहिले, सेमाग्लुटाइड या मधुमेहावरच्या औषधाच्या गोळ्या देऊन पाहिल्या. 2020 आणि 2025 मध्ये या चाचण्यांचे निकाल आले आणि रोगाची चाल मंदावलेली दिसली नाही. त्या चमच्यावर विसंबून कुणी औषधे बंद करू नयेत, एवढे कळकळीने सांगते.

आणि शुगर जितकी खाली तितकी चांगली, हेही खरे नाही. ‘अॅकॉर्ड’ या मोठ्या चाचणीत काही मधुमेहींची तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए1सी ही टक्क्यांतली तपासणी) 6 च्या खाली आणण्याचा आटापिटा केला. त्यांची स्मरणशक्ती इतरांहून सरस राहिली नाही. विस्मरण होणाऱ्या वृद्धांचे उद्दिष्ट 8 पर्यंत सैल ठेवावे, असे अमेरिकन डायबेटिस असोसिएशन सांगते. माझ्या आईला मात्र पाच वर्षे "सातच्या आत आणा" हेच ऐकवले जात होते, आणि आकडा हलला नाही की स्वादुपिंडाला पिळून इन्सुलिन काढणाऱ्या गोळीचा डोस वाढत होता. शुगर एकदम घसरवणाऱ्या गोळ्या याच. त्या विसरणाऱ्या माणसाच्या हाती आम्हीच दिल्या.

अमेरिकन डायबेटिस असोसिएशनचीच आणखी एक शिफारस आहे: पासष्टीपुढच्या प्रत्येक मधुमेहीची स्मरणशक्ती दरवर्षी तपासावी. तीन शब्द सांगायचे, घड्याळ काढायला लावायचे, मग ते शब्द पुन्हा विचारायचे. पाचेक मिनिटांचे काम, यंत्र नको की रक्त नको. लिहितावाचता न येणाऱ्यांसाठी वेगळ्या चाचण्या आहेत. आपल्याकडे आशाताई जो फॉर्म भरून घेतात त्यात साठीपुढच्यांसाठी एक प्रश्न असतो, जवळच्यांची नावे किंवा घरचा पत्ता विसरता का. प्रश्न आहे याचा आनंदच आहे. पण माझ्या आईला आजही घरचा पत्ता पाठ आहे. पत्ता विसरेपर्यंत थांबायचे म्हटले, तर तोवर तशी पहाट येऊन गेलेली असते.

2023 मध्ये आलेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पाहणीनुसार देशात 10.1 कोटी मधुमेही आणि 13.6 कोटी मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे लोक आहेत. म्हणून राज्याच्या आरोग्य विभागाला आणि मधुमेहतज्ज्ञांना माझी विनंती आहे, की मधुमेहाच्या फाइलमध्ये डोळे, पाय, किडनी यांच्या खाली स्मरणशक्तीचा रकाना छापा. आणि वृद्ध रुग्णाच्या गोळ्या घरात कोण मोजून देते, हे डोस वाढवण्याआधी विचारा.

आईची ती गोळी आता बंद आहे. उरलेल्या गोळ्या मी सात कप्प्यांच्या डबीत भरते आणि डबी माझ्या कपाटात ठेवते. गेल्या महिन्यात मी स्वतःची तपासणी केली. वय 54, तीन महिन्यांची शुगर 6.1, म्हणजे मीही मधुमेहाच्या उंबरठ्यावर. लंडनच्या सरकारी नोकरांच्या पाहणीत साठीच्या आधी मधुमेह जडलेल्यांना सत्तरीत स्मृतिभ्रंशाचा धोका दुपटीहून थोडा जास्तच दिसला होता. माझ्या हाती सहा वर्षे आहेत. रोज पहाटे कृष्णेच्या घाटापर्यंत चालत जाते, आणि आईलाही जमेल तिथवर सोबत नेते.

– एक वाचक, सांगली