गोळी गिळवायला मी येणार नाही

चि. दादूस,
अनेक आशीर्वाद.

पुण्याला पोचल्याचा फोन केलास तेव्हा बोलता बोलता म्हणालास, "आई, आता मोटिव्हेशनच राहिलं नाही. ऑपरेशन फेलच गेलं म्हणायचं." आणि लगेच फोन छकुलीच्या हातात दिलास. तिच्यासमोर काय बोलणार? व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर तू अंगठा टाकून मोकळा झाला असतास. म्हणून कागद घेतला.

वजन उतरवायचं तुझं ऑपरेशन फेल गेलेलं नाही. १२६ किलोवरून तू ८४ वर आलास, आता ८८ आहेस. साखरेची गोळी सुटली. नाकाला नळी लावून ज्या मशीनवर झोपायचास ते माळ्यावर गेलं. आपल्या गच्चीचा जिना ह्या दिवाळीत आकाशकंदील लावायला न थांबता चढलास, मी खालून बघत होते. दीड वर्षात चार किलो परत आले म्हणून सगळं मुसळ केरात, हा हिशेब कुठला? स्वीडनमध्ये १९८७ साली एक अभ्यास सुरू झाला, चार हजारांवर लोकांचा. ऑपरेशन झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सगळ्यात खाली आलं, मग थोडं चढलं आणि स्थिरावलं. जठराचं बायपास झालेली माणसं दहा वर्षांनीसुद्धा मूळ वजनापेक्षा सरासरी २५ टक्के खाली होती. तुझं स्लीव्हचं, म्हणजे जठर कापून नळीएवढं करायचं ऑपरेशन त्या अभ्यासात नव्हतं, पण चढ-उताराचं वळण साधारण तेच असतं. तुला खाली आलेला आकडाच तेवढा कायमचा वाटला होता.

भूक परत लागायला लागली म्हणून तू घाबरलास, तेही मला कळतं. जठराचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग काढलाय, केळ्यासारखी नळी उरली आहे. भूक लागल्याची वर्दी मेंदूला देणारा रस बराचसा त्या काढलेल्या भागातच तयार व्हायचा. म्हणून पहिल्या वर्षी तुला जेवायची आठवण करून द्यावी लागायची. शरीर मात्र गेलेलं वजन विसरत नाही. हळूहळू भूक वाढवतं, कमी इंधनात चालायला शिकतं. हा तुझा आळस नव्हे आणि जिभेचा चटोरपणाही नव्हे. लहानपणापासून तुला "खादाड" म्हणणाऱ्या नातेवाइकांचं मी कधी ऐकून घेतलं नाही, आजही घेणार नाही.

आता चिवड्याचं.

दिवाळीचे चार दिवस तू ताटावर अगदी डाएटिशियन मॅडमनी सांगितल्याप्रमाणे बसलास. छोटी वाटी, छोटा चमचा, आधी मटकीची उसळ, मग भाजी, शेवटी अर्धी चतकोर भाकरी. जेवताना पाणी नाही. मावशीसुद्धा म्हणाली, काय शिस्त आहे पोराची! आणि दुपारी चारपासून तू स्वयंपाकघरातून जितक्या वेळा गेलास तितक्या वेळा फळीवरच्या डब्याचं झाकण वाजलं. एक मूठ. फोनवर बोलता बोलता आणखी एक मूठ. झाकण पुरतं लावायचंसुद्धा नाही, कारण परत यायचंच आहे. रात्रीपर्यंत डबा निम्मा. विचारलं असतं तर तू प्रामाणिकपणे म्हणाला असतास, "मी कुठं काय खाल्लं?" कारण येताजाता तोंडात टाकलेलं तुझ्या लेखी खाणं नाहीच.

तुझी ती नळी भाकरी-उसळीला अडवते. चार घास गेले की छातीशी भरल्यासारखं होतं, तू थांबतोस. चिवडा, चहात बुडवलेलं बिस्कीट, आइस्क्रीम, बासुंदी ह्यांना ती अडवत नाही, सगळं सरळ घसरून जातं. सर्जननं घातलेला बंध चिवड्याला लागूच होत नाही, तिथं अडवणारा फक्त तू आहेस. चार किलो तिथून आले. आणि पोट असल्या गोष्टींनी भरलं की ज्याची गरज आहे त्याला जागा उरत नाही. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत तुला. वाटीभर पातळ वरणात जेमतेम पाच-सहा ग्रॅम असतात, दोन अंड्यांत बारा, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. सकाळी नुसता चहा-बिस्किटांवर निघालास तर हा आकडा रात्रीपर्यंत गाठता येत नाही, कितीही मनात असलं तरी. शरीर मग तुझे स्नायूच खातं आणि वजनकाटा बघून तू खूश होतोस.

तुझी बॅग सूनबाईनं धुवायला रिकामी केली, तेव्हा बी-१२ आणि कॅल्शियमच्या पट्ट्या निघाल्या. सीलबंद. तारीख जुनी. ती काही बोलली नाही, मला दाखवून परत कप्प्यात ठेवल्या. तू काही महिन्यांपूर्वी तिला "तू काय पोलीस आहेस का" म्हणालास, तेव्हापासून ती बोलत नाही म्हणे. ती सकाळी साडेसातला घर सोडते, छकुलीचा डबा करते, तुझा करते, आणि वर आठवड्याच्या गोळ्यांची डबीही तीच भरते. छत्तीस वर्षांच्या माणसाच्या गोळ्या. ते तेवढं तिच्या डोक्यावरून उतरव. डबी तू भर. डबा तिनं दिला नाही म्हणून कँटीनमध्ये वडापाव खाल्ला, हे कारणसुद्धा तिच्या नावावर टाकू नकोस. अंडी उकडायला इंजिनिअर लागत नाही.

माझी अख्खी नोकरी उपकेंद्रावर गोळ्या वाटण्यात गेली, तुला ठाऊक आहे. लोहाच्या गोळ्या बायका तोंडावर "घेते घेते" म्हणत न्यायच्या आणि त्या धान्याच्या डब्यात सापडायच्या. क्षयाच्या पेशंटांचं तर विचारूच नकोस. सहा महिन्यांचा कोर्स, आणि दोन महिन्यांत खोकला थांबला, अंगात बरं वाटलं की माणूस गायब. म्हणून तर सरकारला डॉट्स आणावं लागलं. दिवसाआड बोलवायचं, समोर पाणी द्यायचं, गोळी गिळलेली डोळ्यांनी बघायची. मी शेतात बांधावर उभी राहून लोकांना गोळ्या गिळवल्या आहेत. तुझी गोष्ट डिट्टो तीच आहे, तुला बरं वाटायला लागलंय. फक्त तुझ्या गोळ्या सहा महिन्यांच्या नाहीत, जन्मभराच्या आहेत, आणि तुझ्यासमोर पाण्याचा पेला घेऊन कोणी उभं राहणार नाही. मीही नाही.

पायाला मुंग्या येतात म्हणालास, "खुर्चीत बसून बसून" म्हणालास. असेलही. पण बी-१२ चा साठा यकृतात असतो, म्हणून गोळ्या बंद केल्या तरी बरेच महिने काहीच जाणवत नाही. जाणवायला लागतं तेव्हा नसांपर्यंत पोचलेलं असतं, आणि फार उशीर झाला तर सगळं भरून येतंच असं नाही. ह्या आठवड्यात रक्त तपासून घे. बी-१२, हिमोग्लोबिन, लोहाचा साठा, डी जीवनसत्त्व, कॅल्शियम. रिपोर्ट घेऊन तुझ्या डॉक्टरांकडे जा. वजन वाढलंय म्हणून फॉलोअपला जायची लाज वाटते, असं सूनबाईजवळ बोललास. वजन वाढलेली माणसंच तर तिथं जायला हवीत. वजन उतरलेल्यांचं तिथं काय काम, हार घालून घ्यायला?

लोहाची गोळी आणि कॅल्शियम एकदम घेऊ नकोस, दोन तासांचं अंतर ठेव. लोह चहाबरोबर तर मुळीच नको.

एक गोष्ट तुझे बाबा बोलणार नाहीत आणि मित्र तर नाहीच नाही. दारू. ऑपरेशननंतर ती पटकन चढते, पूर्वीच्या दोन पेगचं काम एकात होतं. काहींची ती सवय दुसऱ्या वर्षानंतर वाढत जाते, बायपासवाल्यांत हे नीट तपासलेलं आहे. मन मारायला पूर्वी जेवण होतं, ते आता मावत नाही, मग माणूस दुसरं काही शोधतो. ऑफिसच्या पार्टीनंतर तू गाडी चालवत घरी आलास, हे मला कोणी सांगितलं ते विचारू नकोस.

आणि ते मोटिव्हेशन. पहिले सहा महिने काटा दर आठवड्याला खाली यायचा, पँट सैल व्हायची, लिफ्टमध्ये लोक "ओळखलंच नाही" म्हणायचे. कुणालाही हुरूप येईल. आता कोणी काही म्हणत नाही, कारण आताचा दादू हाच त्यांना नेहमीचा दादू झालाय. पुढं असंच राहणार. त्या कौतुकाची वाट बघत बसलास तर बसूनच राहशील. चालायला जायची वेळ ठरव आणि त्या वेळेला बूट घाल, मन तयार आहे का ते विचारत बसू नकोस. काट्यावर आठवड्यातून एकदा उभा राहा, ठरलेल्या वारी. दोन किलो चढलेले दिसले तर तेव्हाच डबे आवर, दहा होईपर्यंत काटा पलंगाखाली सरकवू नकोस. डाएटिशियन मॅडमना खाल्लेलं लिहून पाठवतोस त्यात मूठ-मूठसुद्धा लिही. लिहायची लाज वाटली तरी लिही. त्यांनी आजवर हजार चिवडे वाचले असतील.

मावशी संक्रांतीला पुन्हा आग्रह करणार, "एका गुळपोळीनं काय होतंय" म्हणणार. तिला नाही म्हणायचं काम मी करणार नाही, तुझं तू म्हण. चिडून नको, हसून म्हण, पण तूच म्हण. मी गुळपोळ्या करणार आहे. घरात इतर माणसं आहेत.

इथून पुढं फोनवर मी तुझं वजन विचारणार नाही, गोळ्या घेतल्या का तेही नाही. तुला सांगावंसं वाटलं तर सांग, ऐकेन. नाही तर छकुलीच्या शाळेचं बोलू, बाबांच्या गुडघ्याचं बोलू, विषयांना काय तोटा आहे. अडलास, खचलास तर रात्री दोनलाही फोन कर. त्याला ही अट नाही.

सूनबाईला आणि छकुलीला आशीर्वाद.

तुझी,
आई

ता. क. रक्त द्यायला उपाशीपोटी जायचं का, हे मला फोन करून विचारू नकोस. लॅबचा नंबर तुझ्याकडे आहे.