फ्रेम नंबर न वाचता मॉडेलचे नाव लावून विकलेल्या सायकलीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : जुन्या माउंटन बाइकचे मॉडेल व साल चुकीचे सांगून विक्री केल्याबाबत

महोदय/महोदया,

दोन महिन्यांपूर्वी मी आपल्याकडून एक जुनी माउंटन बाइक घेतली. जाहिरातीत आपण मॉडेलचे नाव दिले होते, साल २००३ लिहिले होते आणि 'डिस्क ब्रेक बसवता येईल अशी फ्रेम' असेही म्हटले होते. सायकलला काळा रंग नव्याने मारलेला होता, स्टिकर एकही नव्हता. अंगावर नाव नसलेल्या सायकलीचे नाव आपण सांगताय, म्हणजे आपल्या माणसाने ती नीट तपासून ओळखली असणार, असे मी धरून चालले. ती सायकल ते मॉडेल नाही, त्या सालातली नाही आणि तिच्या फ्रेमवर डिस्क ब्रेकची सोयच नाही. हे मी कशावरून म्हणते ते सविस्तर लिहिते, कारण आपण फोनवर दोनदा 'तुमचा गैरसमज झाला असेल' असे उत्तर दिलेत.

पहिली शंका सीटपोस्टमुळे, म्हणजे फ्रेमच्या उभ्या नळीत बसणाऱ्या सीटच्या दांड्यामुळे आली. जुना मला आखूड पडत होता, म्हणून आपण सांगितलेल्या मॉडेलच्या मापाचा, २७.२ मिलिमीटरचा, नवा आणला. तो नळीत शिरेना. जुना बाहेर काढून खालचे टोक फडक्याने पुसले तर त्यावर २६.८ कोरलेले. आपल्या मेकॅनिकला फोन केला तेव्हा त्याने 'आतून पॉलिश पेपरने घासा, बसेल' असे सांगितले. हा सल्ला मला फार गंभीर वाटतो. चांगल्या फ्रेमची ती नळी मुळातच पातळ असते आणि सगळा भार तिच्यावर येतो. माप जुळत नाही याचा अर्थ फ्रेम वेगळी आहे, हे मेकॅनिकच्या लक्षात यायला हवे होते.

त्या संध्याकाळी मी सायकल उलटी केली. फ्रेम नंबर बहुतेक सायकलींना बॉटम ब्रॅकेटच्या खाली, म्हणजे पॅडलचा आस ज्या आडव्या नळीतून जातो तिच्या पोटाला ठोकलेला असतो. तिथे आपल्या कंपनीचा बारकोडचा स्टिकर होता, बरोबर नंबरवर चिकटवलेला. तो नखाने सोलून काढला, खालचा चिकट थर रॉकेलने पुसला. रंग इतका जाड होता की आकडे वाचता येईनात. मग त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासली. नाण्याचा ठसा उमटावा तसे एकेक अक्षर वर आले, दोन अक्षरे आणि सहा आकडे. यानंतर मी आपले बिल काढून पाहिले. फ्रेम नंबरच्या रकान्यात आपण 'लागू नाही' असे छापले आहे. सायकलला नंबर आहे. तो आपल्या स्टिकरखाली होता.

हा नंबर मी जाहिरातीत लिहिलेल्या मॉडेलच्या मूळ उत्पादकाला पाठवला. नंबरची ही रचना त्यांची नाही, असे त्यांनी लेखी कळवले आहे. मोटारींना १७ अक्षरे-आकड्यांचा ठरावीक नंबर असतो (अमेरिकेत १९८१ पासून), त्यावरून गाडीची कुळकथा कळते. सायकलींना तशी जगभर एकच पद्धत नाही. प्रत्येक कारखाना आपापल्या तऱ्हेने नंबर घालतो, आणि तैवानमधल्या जायंट किंवा मेरिडासारख्या कंपन्यांनी दुसऱ्यांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या सायकलीही बनवल्या आहेत. त्यामुळे नंबरवरून ओळख पटवणे अवघड असते, हे मला मान्य आहे. पण अवघड असते म्हणूनच अंदाजाने नाव लिहायचे नसते.

सालाचे मात्र तसे नाही. सायकलचे गिअर-ब्रेक बनवणाऱ्या शिमानो या जपानी कंपनीच्या सुट्या भागांवर दोन इंग्रजी अक्षरे ठोकलेली असतात, पहिले सालाचे आणि दुसरे महिन्याचे. १९७६ ला 'ए' धरून २००१ ला 'झेड' येतो आणि २००२ पासून पुन्हा 'ए'. माझ्या क्रँकच्या, म्हणजे पॅडल ज्याला जोडलेले असते त्या दांड्याच्या, आतल्या बाजूला 'एसएफ' आहे, म्हणजे जून १९९४. 'एस' यानंतर आला तो थेट २०२० मध्ये. एखादा क्रँक मागाहून बदललेला असू शकतो, म्हणून मी मागचा डिरेलर (साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) आणि ब्रेकही पाहिले. त्यांच्यावर 'एसजी' आणि 'एसएफ' आहे. तिन्ही भाग दोन महिन्यांच्या आतले निघाले, तेव्हा ते मूळचेच असणार. १९९४ च्या उत्तरार्धात जोडलेली, बहुधा १९९५ चे मॉडेल म्हणून विकलेली ही सायकल आहे. आपण सांगितलेल्या सालाहून आठ वर्षे जुनी.

फ्रेमही तेच सांगते. सीटखालून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या दोन नळ्यांना जोडणाऱ्या आडव्या तुकड्यावर केबल अडवायचा ठोकळा झाळलेला आहे. तो कँटिलिव्हर ब्रेकसाठी, ज्यात केबल मधून वर ओढली जाते. शिमानोचे व्ही-ब्रेक १९९६ च्या मॉडेलांपासून आले, त्यांची केबल बाजूने येते, आणि हा ठोकळा पुढे फ्रेमवरून हळूहळू नाहीसा झाला. डिस्क ब्रेकचा कॅलिपर (चकतीला चिमटीत धरणारा भाग) धरायला मागच्या चाकाच्या डाव्या बाजूला फ्रेमला कान लागतात. इथे ते नाहीतच. हे पाहायला हत्यार लागत नाही, डोळे लागतात.

आणखी एक गोष्ट. हँडलच्या खालच्या नळीवर, समोरच्या बाजूला रंगावरून नख फिरवले की दोन बारीक खड्डे लागतात, एकाखाली एक. तिथे कधीकाळी रिव्हेट मारून कंपनीचा बिल्ला बसवलेला होता. कुणीतरी तो काढला, भोके बुजवली आणि वरून रंग दिला. या भोकांची दिशा आणि त्यांच्यातले अंतर पाहून जाणकार मूळ कंपनीचा माग काढतात. आपल्याकडे मात्र ती बुजवलेली भोकेही कुणाच्या हाताला लागली नाहीत.

सायकल वाईट आहे अशी माझी तक्रार नाही. फ्रेम हलकी आहे, सरळ आहे, वेल्डिंग सुबक आहे. कुणीतरी ती मनापासून बनवली आहे. म्हणूनच तिला भलतेच नाव चिकटवलेले मला सहन होत नाही. शिवाय प्रश्न सुरक्षिततेचा आहे. १९९७ मध्ये शिमानोने उत्तर अमेरिकेत आपले काही क्रँक मोडण्याच्या धोक्यामुळे परत मागवले होते. ते कोणते, हे भागावरच्या मॉडेल नंबरवरूनच कळते. माझा क्रँक त्यातला नाही, ही खात्री मी स्वतः करून घेतली. विकण्यापूर्वी आपण केली होती का? आणि फ्रेम नंबर कुठेच नोंदवला नसेल, तर ही सायकल चोरीची नाही हे आपण कशावरून पडताळले?

माझी मागणी अशी आहे. बिल दुरुस्त करून त्यावर खरा फ्रेम नंबर घाला. मॉडेलच्या जागी 'ओळख पटलेली नाही' आणि सालाच्या जागी 'अंदाजे १९९५' लिहा. चुकीच्या मापाचा सीटपोस्ट आणि आपल्या जाहिरातीवर विसंबून घेतलेले डिस्क ब्रेकचे मागचे चाक, या दोन्हींची रक्कम मला परत द्या. ही सायकल आपल्याकडे ज्यांच्याकडून आली त्यांना तिचा मूळ रंग, बिल्ला किंवा जुने बिल आठवते का, हे विचारून मला कळवा. त्यांचे नाव-पत्ता मला नको. आपली ती जाहिरात 'विकली गेली' अशा शेऱ्यासह अजून दिसते आहे. तीही दुरुस्त करा, कारण अशीच काळी सायकल हातात असलेला कुणीतरी तिच्यावरून आपली सायकल ओळखायला जाईल.

पेन्सिलने घेतलेला नंबरचा ठसा, क्रँक, डिरेलर व ब्रेकवरच्या अक्षरांचे फोटो, बिलाची प्रत आणि उत्पादकाचे उत्तर सोबत जोडले आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावे. ते न आल्यास मी ग्राहक तक्रार यंत्रणेकडे जाणार आहे. सायकल तोपर्यंत आहे तशीच ठेवली आहे, आपल्या माणसाला येऊन पाहता येईल.

कळावे,

आपली,
एक ग्राहक